अंगण खरंच वाकडं असतं

'नाचता येईना, अंगण वाकडं' ही म्हण ज्यानं कुणी पाडली, त्याचं स्वतःचं अंगण बहुधा छान चोपून सारवलेलं असणार. तेव्हापासून ही म्हण शिकणाऱ्याच्या तोंडावर फेकली जातेय. पोराला पेटी जमली नाही? अंगण वाकडं. पोरीनं गिटार महिन्यात कपाटावर टाकली? अंगण वाकडं. तक्रार करणारा कामचुकारच असतो, असा या म्हणीचा अर्थ आपण ठरवून टाकलाय. एकदा अंगणात उतरून पातळी तपासावी, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

मी आज नाचणाऱ्याची वकिली करणार आहे. आणि माझं अंगण आहे चार तारांचं, हातभर लांबीचं: उकुलेले.

(इंग्रजीच्या नादानं आपण त्याला 'युकलेली' म्हणतो, आणि ते 'चुकलेली'च्या चालीवर ऐकू येतं. हवाईचे लोक 'उकुलेले' म्हणतात. देवनागरीत ते जसंच्या तसं लिहिता येतं, तर तसंच लिहू या.)

हॉस्टेलच्या खोल्या, ट्रेकचे फोटो, कॉलेजचे फेस्ट, रात्री अकराची रील, सगळीकडे हे वाद्य दिसतं. आणि ते विकत घ्यायचं म्हटलं की घरापासून दुकानापर्यंत आणि दुकानापासून यूट्यूबपर्यंत एकच सल्ला मिळतो: "आधी स्वस्तातलं घे. आवड टिकली तर मग चांगलं बघू."

ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! त्यात काटकसर आहे, संयम आहे, आईबाबांची काळजी आहे. पण हा सल्ला मुळातून उलटा आहे. ज्या वाद्यावर आवड टिकूच शकत नाही ते हातात द्यायचं, आणि आवड टिकते का ते बघत बसायचं! परीक्षेचा निकाल पेपर वाटण्याआधीच लावून ठेवण्याचा हा प्रकार आहे.

सायकल शिकणाऱ्या पोराला आपण रिम वाकलेली सायकल देत नाही. "आधी हिच्यावर तोल सांभाळून दाखव, मग सरळ चाकाची घेऊ," असं म्हणणाऱ्या बापाला शेजारी वेड्यात काढतील. वाद्याच्या बाबतीत मात्र हाच बाप व्यवहारी ठरतो.

वाईट वाद्य कुणाला परवडतं?

चाळीस वर्षं वाजवणाऱ्याला. गंमत वाटेल, पण हे खरं आहे. मुरलेला वादक खराब वाद्यातूनही काहीतरी काढतो. कुठली तार चढी बोलते, तिथे बोट किती हलकं ठेवायचं, कुठला कॉर्ड सरळ टाळायचा, हे त्याच्या हाताला पाच मिनिटांत कळतं. दोष वाद्यात आहे हेही त्याला कळतं, त्यामुळे त्याची झोप उडत नाही.

नवख्याकडे यातलं काहीही नसतं. त्याच्याकडे फक्त एक प्रश्न असतो: हे बेसूर वाजतंय ते माझ्यामुळे की वाद्यामुळे? आणि आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं आहे. तुझ्यामुळे. रियाज कर. तुला कानच नाही. आरंभशूर आहेस.

माझ्या भाचीची गोष्ट याच जातीची. आठवीत होती. वाढदिवसाला हौसेनं निळं, चकचकीत उकुलेले आलं. सी कॉर्ड वाजवला की खुश, एफ वाजवला की तोंड कसनुसं. दुकानात नेऊन दाखवलं तर विक्रेता म्हणाला, सगळे असेच असतात, हळूहळू सवय होते. ऑनलाइन शिकवणारे सर म्हणाले, बोटांची ताकद वाढव. महिनाभरानं तिनं मला विचारलं, "मावशी, माझा कान खराब आहे का गं?" वाद्य दुरुस्त करणाऱ्या एका माणसानं ते हातात घेतलं, बारीक कानशीनं वरच्या पट्टीच्या खाचा थोड्या खोल केल्या आणि परत दिलं. वीसेक मिनिटांचं काम. एफ कॉर्ड सुरात आला. तिचा कान महिनाभर खराब नव्हताच. उलट तो इतका चांगला होता की चूक त्याला रोज ऐकू येत होती.

मला राग येतो तो इथे. ज्याचा कान तयार आहे, तोच मुलगा खराब वाद्य आधी सोडतो. कारण त्यालाच ते सहन होत नाही. म्हणजे स्वस्तातल्या त्या खोक्यातून आपण अगदी नेमके तेच लोक गाळतोय, ज्यांनी वाजवायला हवं होतं.

मिलिमीटरचा हिशेब

'छोटंसं तर वाद्य आहे, त्यात काय एवढं' हा दुसरा गैरसमज. वाद्य जितकं छोटं, तितकी त्यात चुकायला जागा कमी. हिशेबच करू.

सोप्रानो हा उकुलेलेचा मूळ आकार, प्रचलित आकारांत सगळ्यात लहान. त्याच्या तारेची बोलती लांबी साधारण ३४-३५ सेंटिमीटर. गिटारची साधारण ६५. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तिथे दाबलं की तोच स्वर वरच्या सप्तकात यायला हवा. समजा कारखान्यात हा फ्रेट एक मिलिमीटर चुकला. गिटारवर त्यामुळे स्वर साधारण ५ सेंट सरकेल. (सेंट म्हणजे दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग.) सोप्रानोवर तीच एक मिलिमीटरची चूक १० सेंटला पडते. दुप्पट. म्हणजे उकुलेले गिटारपेक्षा जास्त काटेकोरपणे बनवायला हवं. बाजारात मात्र खेळण्यांच्या रांगेत, खेळण्यांच्या हिशेबानं बनवलेलं उकुलेले मिळतं.

आणि हे सतारीसारखं नाही. सतारीचे पडदे सरकवता येतात. वाजवणारा ते रागाप्रमाणे बसवून घेतो. उकुलेलेचे फ्रेट दांडीत ठोकलेले असतात. कारखान्यात ते जिथे बसले, तिथेच जन्मभर.

दुसरी जागा म्हणजे नट. दांडीच्या टोकाला, खुंट्यांच्या खाली खाचा पाडलेली जी पट्टी असते, ती. त्या खाचा उथळ असल्या की तार फ्रेटपासून उंच राहते. उंच तार दाबायला ती जास्त ताणावी लागते, आणि ताणली की स्वर चढतो. हा दोष सगळ्यात जास्त कुठे बोचतो? पहिल्या फ्रेटवर. आणि नवखा माणूस सगळ्यात जास्त कुठे वाजवतो? पहिल्या तीन फ्रेटवर. एफ कॉर्डमध्ये एक बोट पहिल्या फ्रेटवर असतं. बी फ्लॅटमध्ये तर तर्जनी पहिल्या फ्रेटवर दोन तारांवर आडवी झोपवावी लागते. 'बी फ्लॅट लई अवघड' म्हणून ज्यांनी उकुलेले सोडलं, त्यातल्या किती जणांची नटची पट्टी उंच होती, हे कुणी मोजलेलं नाही. मोजायला हवं होतं.

खेळणं कुणी केलं?

उकुलेले जन्मानं खेळणं नाही. २३ ऑगस्ट १८७९ रोजी रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज होनोलुलूला लागलं. त्यावर मदेरा या पोर्तुगीज बेटावरून उसाच्या मळ्यांत मजुरी करायला आलेली शेकडो माणसं होती. त्यातले तिघे, मॅन्युएल नुनेश, ऑगुस्तो दियाश आणि जुझे दु एश्पिरितु सांतु, हाडाचे सुतार. लाकडी सामान घडवणारे. मळ्यांतून सुटल्यावर त्यांनी आपल्या बेटावरच्या 'मशेट' नावाच्या छोट्या तंतुवाद्याच्या धर्तीवर, हवाईच्या कोआ लाकडात वाद्यं बनवायला सुरुवात केली. राजा कालाकाउआनं त्याला आश्रय दिला, हुला नृत्याच्या साथीला ते दरबारात आलं. उकुलेलेचा प्रचलित अर्थ 'उडी मारणारी पिसू'. राणी लिलिउओकलानीनं मात्र त्याचा अर्थ 'इथे आलेली भेट' असा लावला. कुणाचं राज्य गेलं, कुणाचे मळे वाढले, त्या सगळ्या पडझडीत मजुरांनी आणलेलं हे वाद्य हवाईनं आपलं मानलं.

मग १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठं प्रदर्शन भरलं. तिथे हवाईच्या दालनात हे वाद्य ऐकून अमेरिका वेडी झाली. मागणी वाढली आणि मुख्य भूमीवरचे कारखाने भसाभस उकुलेले काढू लागले. काहींनी तर आपल्या मालावर हवाईचं नाव बिनदिक्कत ठोकलं. शेवटी अस्सल हवाईयन वाद्यांवर 'टाबू' असा शिक्का मारायची वेळ आली. शंभर वर्षांपूर्वी! म्हणजे 'दिसायला उकुलेले, वाजायला खोकं' ही भानगड आजची नाही. तेव्हा बनवणाऱ्यांनी भांडण केलं. आज घेणाऱ्यांनी करायला हवं.

होनोलुलूतच १९१६ साली सॅम्युएल कामाका यांनी आपला कारखाना सुरू केला. तो आजही त्याच घराण्याकडे आहे. या कारखान्यात अनेक वर्षं कर्णबधिर कारागीर काम करत आले. वाद्याची तबली किती जाड राहिली, हे ते बोटांना जाणवणाऱ्या कंपनावरून ओळखत. ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं स्पर्शानं वाद्य सुरेल करतात. आणि ज्यांना ऐकू येतं ते आपण, खोकं न उघडता पाच तारे देतो.

'पैसे असलेल्यांचे चोचले'

आता हा आक्षेप येणारच. "तुमचं ठीक आहे, आमच्याकडे कोआ लाकडाचे पैसे नाहीत." रास्त आहे. म्हणून स्पष्ट सांगते: मी महागडं घ्या म्हणत नाहीये. महागड्याची भक्ती करणारी जी दुसरी टोळी आहे, तिच्याशीही माझं तितकंच भांडण आहे. सॉलिड लाकूड नसेल तर ते वाद्यच नव्हे, अमुक ब्रँड नसेल तर वाजवूच नका, असं म्हणणारे लोक. यांच्यामुळेच गरीब घरातली पोरं आधीच दचकून स्वस्त खोक्याकडे वळतात.

मारियो माकाफेरी हे नाव लक्षात ठेवा. इटलीत जन्मलेला हा गिटारवादक आणि वाद्य घडवणारा. त्यानं १९४९च्या सुमारास 'आयलंडर' नावाचं चक्क प्लास्टिकचं उकुलेले बाजारात आणलं. ते स्वस्त होतं, लाखोंनी खपलं, आणि सुरात वाजायचं. कारण साच्यात फ्रेट योग्य जागी बसवलेले होते. साचा एकदा काटेकोर केला की हजारावं वाद्यही पहिल्याइतकंच नेमकं निघतं. मग आज, सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी, स्वस्त वाद्य बेसूर का असतं? ते स्वस्त आहे म्हणून नव्हे. ते सुरात आहे का, हे बनवणारा, विकणारा आणि घेणारा यांपैकी कुणीच तपासत नाही म्हणून.

लाकडाचंही तेच. जाहिरातीत नुसतं 'महोगनी' लिहिलं असेल तर ते बहुधा प्लायसारखं थर चिकटवलेलं, म्हणजे लॅमिनेट असतं. 'सॉलिड टॉप' म्हणजे फक्त तबली अखंड लाकडाची. ओळखायचं असेल तर मधल्या गोल भोकाची कड बघा: वरच्या लाकडाच्या रेषा कडेत तशाच खाली उतरत असतील तर अखंड, सँडविचसारखे थर दिसले तर लॅमिनेट. अखंड लाकडाचा आवाज बहुतेक वेळा जास्त मोकळा असतो, वादच नाही. पण त्याला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोकणातल्या जुलैत ते फुगतं, नागपूरच्या मे महिन्यात आकसतं आणि तडकू शकतं. ज्याच्याकडे ना एसीची खोली, ना भक्कम केस, त्याच्यासाठी नीट बनवलेलं लॅमिनेट हाच शहाणपणाचा सौदा आहे. त्यात कमीपणा काही नाही.

आणि पैसे खरंच कमी असतील तर? चौघांनी मिळून एक चांगलं घ्या. कुणीतरी वापरलेलं, पण तपासून घ्या. शाळांनाही हेच सांगणं आहे: तीस खोकी घेण्यापेक्षा दहा वाद्यं घ्या आणि तीन तुकड्या करा. कॅनडात हॅलिफॅक्सच्या शाळांमध्ये चाल्मर्स डोन यांनी १९६०च्या दशकात उकुलेलेवरून संगीत शिकवायला सुरुवात केली. तिथे ते वाद्य स्वरलेखन, गायन आणि कान तयार करायचं साधन होतं, वार्षिक संमेलनातली सजावट नव्हे. बेसूर साधनानं कान तयार होत नाही, बिघडतो.

जवारी लावल्याशिवाय घेऊ नका

हे सगळं 'परदेशी फॅड' वाटत असेल, तर मिरजेला चला. तिथे एकोणिसाव्या शतकात शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घरातून सतार आणि तानपुरा बनवणारे कारागीर तयार झाले. तिकडे सुतार, इकडे शिकलगार. चांगलं वाद्य नेहमी हातात आधीच कसब असलेल्या माणसाकडून आलं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

तिथे कुणी तानपुरा 'खोक्यातून' घेतो का? घोडीवर जवारी काढल्याशिवाय, तारेखाली सुताचा धागा सरकवून तो बोलता केल्याशिवाय तानपुरा तयार झाला असं कुणी म्हणतच नाही. लाकूड, भोपळा, रंगकाम सगळं पुरं झालं तरी जवारीशिवाय ते नुसतं सामान. आणि वापरून जवारी बसली की ती पुन्हा काढून घ्यायची, हेही आपल्या गायकांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे.

इंग्रजीत ज्याला सेटअप म्हणतात, ती उकुलेलेची जवारीच समजा. नटच्या खाचा योग्य खोलीच्या करणं, घोडीकडची उंची बघणं, फ्रेटची टोकं घासून गुळगुळीत करणं. ही अक्कल आपल्या मातीत होती. प्लास्टिकच्या फुग्यांत गुंडाळलेलं पार्सल दारात आलं आणि ती आपण विसरलो. विक्रेत्याला पहिला प्रश्न 'कुठला ब्रँड?' हा विचारू नका. 'सेटअप करून देता का?' हा विचारा. 'म्हणजे काय?' असं उत्तर आलं तर दुकान बदला.

तुमच्या खिशातलं हत्यार

आधीच्या पिढीकडे नव्हतं असं एक साधन तुमच्याकडे आहे: फोन. ट्यूनरचं कुठलंही फुकट ॲप उतरवा. दुकानात असाल तर तिथेच, पार्सल आलं असेल तर परतीची मुदत संपायच्या आत, एवढं करा.

आधी चारही तारा जी, सी, ई, ए अशा लावा. नव्या नायलॉनच्या तारा पहिले काही दिवस सारख्या उतरतात. तो दोष नाही, त्या ताणल्या जातायत. पुन्हा लावा.

मग प्रत्येक तार बाराव्या फ्रेटला हलकेच दाबून वाजवा. तोच स्वर दिसायला हवा आणि सुई मधोमध. पाचेक सेंट इकडेतिकडे झाली तर उत्तम, दहापर्यंत चालवून घ्या. त्याहून बरीच जास्त सरकली, तर सरळ परत.

मग प्रत्येक तार पहिल्या फ्रेटला दाबा. इथे सुई ठळकपणे चढत असेल तर नट उंच आहे. खात्री करायची तर तार तिसऱ्या फ्रेटला दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर बघा: तिथे केसाएवढीच फट हवी.

मग चार तारा, बारा फ्रेट, एकूण ४८ स्वर एकेक करून वाजवा. कुठे खरखर आहे, कुठे स्वर मुका पडतोय, कळेल. दांडीच्या कडेनं बोट फिरवा. फ्रेटची टोकं टोचली तर मान्य करू नका.

एवढं लक्षात ठेवा की दोष दोन प्रकारचे असतात. उंच नट, भिकार तारा, टोचणारी टोकं: हे दुरुस्त होतात, त्यासाठी वाद्य फेकायची गरज नाही. चुकीच्या जागी बसलेले फ्रेट आणि पिळवटलेली दांडी: यांना औषध नाही. पैसे मोजायचे ते दुसरे दोष नसलेल्या वाद्यासाठी. पहिल्यांसाठी दुरुस्ती करणाऱ्याचे थोडे पैसे बाजूला ठेवा. आणि हात मोठे असतील तर सोप्रानोचा हट्ट सोडा. साधारण ३८ सेंटिमीटर तारेचं कॉन्सर्ट घ्या. बोटांना जागा मिळते, आणि चुकांनाही थोडी माफी.

परत करायला गेलात की उत्तर येईल, "वाद्य तर चालू आहे, कुठे तुटलंय?" त्यांना शांतपणे सांगा, बेसूर वाद्य हे तुटलेलंच वाद्य असतं. मिक्सर फिरतोय पण चटणी वाटत नाही, तर तो चालू आहे असं आपण म्हणत नाही. फोनवरच्या सुईचा व्हिडिओ दाखवा. रिव्ह्यू लिहिताना 'रंग मस्त, डिलिव्हरी वेळेत' यापुढे जा. बाराव्या फ्रेटला सुई किती सरकली, तो आकडा लिहा. असे शंभर आकडे एका पानावर दिसले की विकणाऱ्याला तपासणं परवडायला लागेल. तोवर त्याला तुमची लाज परवडते. तुम्ही वाद्य कपाटावर टाकता, गप्प बसता, स्वतःला आरंभशूर म्हणता, आणि त्याचं खोकं पुढच्या पोराला विकलं जातं.

म्हणून कपाटावर एखादं उकुलेले धूळ खात असेल तर ते आजच खाली काढा. तारा लावा, बारावा फ्रेट दाबा, सुई बघा. सुई मधोमध उभी राहिली तर माझा हा सगळा लेख विसरा आणि गुमान रियाजाला बसा. मग तक्रारीला जागा नाही. आणि सुई सरकली, तर इतकी वर्षं मनात धरून ठेवलेलं ते वाक्य, 'मला सूरच नाही', आधी मागे घ्या. वाद्याचं काय करायचं ते मग बघू.